समुद्राला सोडियम, केळीला पोटॅशियम

अरबी समुद्राचं एक लिटर पाणी आटवलं, तर पस्तीस ग्रॅमच्या आसपास क्षार उरतात. त्यात सोडियम जवळपास 11 ग्रॅम असतं, पोटॅशियम मात्र अर्धा ग्रॅमही नाही. आता कळंबचा किनारा सोडून, सुरूची झाडं ओलांडून वसईच्या वाड्यांकडे या. तिथल्या केळीचा शंभर ग्रॅम गर घेतला, तर त्यात साधारण 350 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं आणि सोडियम एखादा मिलिग्रॅम. पृथ्वीच्या कवचात ही दोन्ही मूलद्रव्यं जवळपास सारखीच, दोन-अडीच टक्के आहेत. खडक झिजतात तेव्हा दोन्ही पाण्यात उतरतात. मग त्यांची अशी फारकत कशाने झाली?

लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम आणि किरणोत्सारी फ्रान्सियम हे अल्कली धातूंचं घराणं. प्रत्येकाच्या अणूत सर्वांत बाहेर एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो सोडून द्यायला अणू कायम तयार असतो. म्हणून हे धातू निसर्गात कधीच सुटे सापडत नाहीत. 1807 साली हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या क्षारातून वीज सोडून आधी पोटॅशियम आणि लगेच काही दिवसांत सोडियम वेगळं केलं, तेव्हा माणसाने ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले.

प्रयोगशाळेत सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. ते सुरीने कापता येतं. कापलेली बाजू चांदीसारखी चमकते आणि बघता बघता हवेने काळवंडते. वाटाण्याएवढा तुकडा पाण्यात टाकला की तो पाण्यापेक्षा हलका असल्याने तरंगतो. अभिक्रियेच्या उष्णतेने 98 अंशांना वितळून त्याची गोळी होते आणि ती फुसफुसत पृष्ठभागावर धावते. हायड्रोजन सुटतो, पाण्यात कॉस्टिक सोडा उतरतो, फिनॉलफ्थॅलिनचे थेंब घातले असतील तर पाणी गुलाबी होतं. पोटॅशियम टाकलं तर हायड्रोजन लगेच पेटतो आणि ज्योत जांभळट दिसते. घराण्यात खाली जावं तसा अणू मोठा होतो, बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून लांब जातो आणि सुटायला सोपा होतो. रुबिडियम आणि सीझियम तर काचेच्या बंद नळीतच ठेवावे लागतात.

हे धातू पाण्यात पडले की कधी कधी स्फोटही होतो. त्याचं कारण हायड्रोजनचं पेटणं, असं पुस्तकं वर्षानुवर्षं सांगत आली. 2015 साली प्रागमधल्या पावेल युंगविर्थ यांच्या गटाने अतिवेगवान कॅमेऱ्याने सोडियम-पोटॅशियमच्या मिश्रधातूचा थेंब पाण्यात पडताना टिपला. हजारांश सेकंदाच्याही आत थेंबातून काट्यांसारखी टोकं बाहेर आलेली दिसली. इलेक्ट्रॉन इतक्या झटकन पाण्यात पळतात, की मागे उरलेले धन आयन एकमेकांना ढकलून थेंबच फाडतात. दोन शतकं वर्गावर्गांत दाखवल्या गेलेल्या प्रयोगात एवढं मोठं काही पाहायचं राहून गेलं होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

इलेक्ट्रॉन गमावल्यावर उरतो तो शांत आयन, आणि कळंबच्या कोड्याचं उत्तर त्याच्या आकारात आहे. सोडियमचा आयन लहान, त्यामुळे भोवतीचे पाण्याचे रेणू तो घट्ट धरून ठेवतो आणि पाण्याबरोबर वाहत समुद्रापर्यंत जातो. पोटॅशियमचा आयन मोठा, त्याची पाण्यावरची पकड सैल. पाण्याचं वेष्टण उतरवून तो काही चिकणमातींच्या थरांमधल्या पोकळ्यांत नेमका बसतो. जे मातीतून सुटतं, त्यातलं बरंचसं झाडांची मुळं उचलतात. सीझियम तर याहून चिवट. 1986 च्या चेर्नोबिल अपघातानंतर पडलेलं किरणोत्सारी सीझियम कित्येक दशकं मातीच्या वरच्या थरांतच अडकून राहिलं, ते याच कारणाने.

जिवंत पेशीही हाच भेद पाळते. आपल्या पेशींच्या आवरणातला पंप दर खेपेला तीन सोडियम आयन बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आयन आत घेतो. 1957 मध्ये हा पंप शोधणाऱ्या येन्स स्कोऊ यांना 1997 चं नोबेल मिळालं.

ही फारकत मोडली की काय होतं, ते किनाऱ्यालगतच्या वाड्यांत दिसतं. तिथे विहिरींचा उपसा वाढला, की गोड्या पाण्याची पातळी उतरते आणि समुद्राचं पाणी जमिनीखालून आत सरकतं. अशा पाण्यातलं सोडियम पोटॅशियमच्याच वाटांनी मुळांत घुसतं. पोटॅशियमवर चालणारी पेशींतली कामं अडखळतात, केळीच्या पानांच्या कडा करपतात. मातीत साचलेल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, पाणी मुरत नाही, जमीन वाळून कडक होते. यावर जिप्समचा उपाय आहे. त्यातलं कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हुसकावतं. पण हुसकावलेलं सोडियम धुऊन न्यायला गोडं पाणी लागतं. विहीरच खारी झाली असेल तर जिप्समची पोती ओतून काही साधत नाही. वसईच्या वाड्यांसाठी आधी पाऊस जमिनीत मुरवायला हवा आणि उपसा आवरायला हवा.