ठिबकणारी कॉफी आणि दाबाची कॉफी

भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी दोन तृतीयांशाहून अधिक कॉफी आपल्या कर्नाटकात, मुख्यतः कोडगू, चिक्कमगळूरु व हासन या जिल्ह्यांत, होते. आम्हां आळंदकरांच्या घरी मात्र चहाचेच राज्य. कॉफीची गाठ पडते ती बहुधा लग्नमंडपात. तेथे यंत्राच्या फुसफुसाटासह मिळणाऱ्या फेसाळ पेयास सर्वजण ‘एस्प्रेसो’ म्हणतात. हे नाव यथार्थ आहे काय, याचा उलगडा होण्यासाठी कॉफी करण्याच्या दोन रीती आम्ही येथे सांगणार आहोत.

दोहोंत बी तेच आणि पाणीही तेच. मुख्य भेद आहे तो पाणी कोणत्या बळाने भुकटीतून जाते हा. इतर बहुतेक भेद त्यातूनच उद्भवतात.

पहिल्या रीतीत पाणी स्वतःच्या भाराने खाली उतरते. दक्षिणेकडील घरांतला पितळी वा स्टीलचा फिल्टर पाहा. एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाशी बारीक छिद्रे. वर भुकटी घालून उकळते पाणी ओतले की थेंब थेंब दाट अर्क खाली साचतो. यास पंधरा-वीस मिनिटे सहज लागतात. या अर्कालाच ‘डिकॉक्शन’ म्हणतात. तो गरम दुधात मिसळून पितात. जर्मनीतील मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ साली कागदी गाळणी प्रचारात आणली. तिच्यातूनही पाणी असेच ठिबकते. परंतु पाणी पुष्कळ असते आणि कागद तेलाचा अंश अडवितो, म्हणून ती कॉफी पातळ व नितळ होते.

दुसरी रीत इटलीची. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ साली वाफेच्या दाबाने कॉफी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे सुधारलेल्या यंत्रांत हवेच्या दाबाच्या सुमारे नऊ पट दाब मिळू लागला. भुकटी अत्यंत बारीक असते, म्हणून तिच्यातून पाणी ढकलण्यास हा दाब लागतो. आणि ती बारीक असल्यामुळेच पंचवीस-तीस सेकंदांत अर्क उतरतो. तो जेमतेम ३० मिलिलिटर भरतो. भाजलेल्या बियांतील कार्बन डायऑक्साइड वायू दाब सुटताच बाहेर येतो आणि अर्कावर तपकिरी फेस धरतो. हीच एस्प्रेसो. तिच्यात गरम पाणी घातले की अमेरिकानो, वाफेने तापविलेले दूध व दाट फेस घातला की कापुचिनो, दूध अधिक व फेस थोडा असला की लाते होते.

आता लग्नमंडपाकडे वळू. तेथे बहुधा पाण्यात विरघळणारी तयार कॉफी, साखर व दूध एकत्र करून त्यांत वाफ सोडतात. वाफ दूध तापविते, फेस आणते. भुकटीतून पाणी दाबून नेण्याची क्रिया तेथे घडतच नाही. पेय रुचकर खरे, पण नाव उसने.

परीक्षेसाठी जागरण करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. चव कडक म्हणजे कॅफीन अधिक, असे नव्हे. ३० मिलिलिटर एस्प्रेसोत सुमारे ६० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते, तर २४० मिलिलिटर ठिबक कॉफीत सुमारे ९५. शिवाय प्रौढ माणसाच्या शरीरातही त्यातील निम्मे बाहेर पडण्यास साधारण पाच तास लागतात. म्हणजे सायंकाळी सातला घेतलेल्या कॉफीचा निम्मा अंमल मध्यरात्रीही उरतो. तेव्हा पेला तोंडाला लावण्यापूर्वी चवीबरोबर त्याचा आकार आणि घड्याळही पाहावे, हे बरे.