अडीचशे प्रतींचा ससा

नोएल मूर पाच वर्षांचा होता आणि आजारपणामुळे अंथरुणात पडून होता. सप्टेंबर 1893 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंकेल्ड गावाहून त्याला एक पत्र आलं. पत्र लिहिणारी बिअॅट्रिक्स पॉटर त्याच्या आईची एके काळची विद्यार्थिनी. आजारी मुलाला काय लिहायचं हे तिला सुचेना, म्हणून तिनं सशाच्या चार पिल्लांची गोष्ट लिहिली आणि ओळींच्या मधल्या जागेत त्यांची चित्रं काढली. त्यांतल्या खोडकर पिल्लाला तिनं स्वतःच्या पाळीव सशाचं नाव दिलं : पीटर.

पुढे जगभरच्या मुलांच्या उशाशी गेलेल्या ‘पीटर रॅबिट’चं हे पहिलं हस्तलिखित. आणि ज्या पुस्तकानं ही वाट उघडली, ते तिनं स्वतःच्या पैशानं छापलं होतं, ही गोष्ट मला आजही थक्क करते. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणं म्हणजे नेमकं काय काय ठरवावं लागतं, हे समजून घ्यायला याहून सुंदर उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

पत्र पाठवून सहा-सात वर्षं झाल्यावर तिनं नोएलला विचारलं, ते तुझ्याकडे अजून आहे का? त्यानं ते जपून ठेवलं होतं. तिनं ते परत मागून घेतलं, उतरवून काढलं, गोष्ट वाढवली, नवी चित्रं काढली आणि निदान सहा प्रकाशकांकडे पाठवली. सगळीकडून नकार आला.

नकाराचं एक कारण मोठं बोलकं आहे. प्रकाशकांना पुस्तक मोठ्या आकाराचं हवं होतं. मोठं पुस्तक म्हणजे मोठी किंमत. तिचा मात्र हट्ट, की पुस्तक लहान मुलाच्या हातात मावलं पाहिजे आणि स्वस्त असलं पाहिजे. नोएलच्या बहिणीला लिहिलेल्या पत्रात ती म्हणते, सहा शिलिंगांच्या एका मोठ्या पुस्तकापेक्षा शिलिंगाला एक अशी दोन-तीन छोटी पुस्तकं काढणं मला आवडेल. सशाच्या पिल्लांना एका पुस्तकावर सहा शिलिंग खर्चणं कसं परवडणार? सहा शिलिंग म्हणजे त्या काळी मोठ्या माणसांच्या नव्या कादंबरीची किंमत. वाक्य गमतीचं आहे, पण त्यात पक्का हिशेब आहे. पुस्तक कुणासाठी, ते धरणारा हात केवढा, पैसे कुणाच्या खिशातून जाणार, हे सगळं तिला ठाऊक होतं, कारण तिचा वाचक कल्पनेतला नव्हता. तो अंथरुणात पडलेला, पाच वर्षांचा, ओळखीचा मुलगा होता.

डिसेंबर 1901 मध्ये लंडनच्या एका छापखान्यातून तिनं अडीचशे प्रती छापून घेतल्या. आकार तळहाताएवढा. उघडल्या पानावर एका बाजूला एखाद-दोन वाक्यं, समोर चित्र. ही रचना साधी वाटते, पण मोठ्यानं वाचून पाहा. पीटर मिस्टर मॅकग्रेगरच्या बागेत शिरतो, मुळे खातो आणि पुढे काय? ते कळायला पान उलटावं लागतं, आणि पान उलटणारा हात मुलाचा असतो. गोष्टीतली धाकधूक किती वेळ ताणायची, हे तिनं त्या चिमुकल्या बोटांवर सोपवलं होतं.

रंगीत चित्र फक्त एक, सुरुवातीचं. बाकी सगळी काळ्या रेषांची. रंगीत छपाईसाठी त्या वेळी नवी पद्धत आली होती : मूळ चित्राचे वेगवेगळ्या रंगीत काचांमधून फोटो काढायचे, त्यांवरून पिवळ्या, तांबड्या आणि निळ्या शाईचे तीन ठसे करायचे आणि एकाच कागदावर ते अचूक एकमेकांवर उमटवायचे. बारीक ठिपक्यांच्या गर्दीतून डोळ्याला सगळे रंग दिसतात. काम देखणं, पण महाग. तिनं खर्चाचं कारण सरळ सांगितलं आणि जोडीला चित्रकाराचंही एक दिलं : बहुतेक चित्रांत सशाचा तपकिरी रंग आणि हिरवळ, एवढंच तर आहे!

प्रती तिनं नातेवाइकांना आणि स्नेह्यांना दिल्या, काहींना एक शिलिंग दोन पेन्सला विकल्या. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांनीही आपल्या मुलांसाठी एक घेतली. काही आठवड्यांत साठा संपला आणि फेब्रुवारी 1902 मध्ये आणखी दोनशे छापाव्या लागल्या. कुठलीही जाहिरात नव्हती. मला वाटतं, इथं मुलांच्या पुस्तकाचं एक वेगळंच बळ कामाला आलं. मोठ्यांचं पुस्तक एकदा वाचून कपाटात जातं. मुलाचं पुस्तक रोज रात्री पुन्हा वाचावं लागतं, आणि वाचणाऱ्या मावशीला, आजोबांना ते पाठ होतं. मग शेजारच्या घरी वाढदिवस आला की भेट काय द्यायची हा प्रश्नच उरत नाही.

आधी नकार देणाऱ्यांपैकी एक, फ्रेडरिक वॉर्न अँड कंपनी, आता चित्रं रंगीत करण्याच्या अटीवर तयार झाली. ऑक्टोबर 1902 मध्ये त्यांची आवृत्ती आली. पहिल्या आठ हजार प्रती बाजारात येण्याआधीच खपल्या होत्या. वर्ष संपेपर्यंत छापील प्रतींचा आकडा अठ्ठावीस हजारांवर गेला. आकार लहानच राहिला आणि साध्या बांधणीची किंमत एक शिलिंगच.

इथून पुढे तर मी अधिकच चकित होतो. 1903 मध्ये या बाईंनी घरी कापड बेतून पीटरची बाहुली शिवली, ब्रशचे केस उपटून तिला मिशा लावल्या आणि वर्षअखेर पेटंट कार्यालयात तिची रीतसर नोंदणी केली. पुढे पीटरवर पटावरचा खेळही रचला. पुस्तकातलं पात्र खेळण्यांच्या दुकानात जाऊ शकतं, आणि गेलं तर त्यावर मालकी कुणाची हे आधी लिहून ठेवावं लागतं, हे तिनं केव्हाच ओळखलं होतं. अमेरिकेत पुस्तकाची हक्कनोंदणी करायची मात्र प्रकाशकांकडून राहून गेली, आणि तिथं बिनपरवाना आवृत्त्या निघू लागल्या. त्या खपाचा एक पैसाही तिला मिळाला नाही.

वॉर्नच्या आवृत्तीला जेमतेम दोन महिने झाले होते. एवढं यश हाताशी असताना, डिसेंबर 1902 मध्ये, तिनं ‘द टेलर ऑफ ग्लॉस्टर’ हे पुस्तक पुन्हा स्वखर्चानं छापलं, पाचशे प्रती. गोष्टीत तिनं जुनी बालगीतं भरपूर पेरली होती आणि प्रकाशक ती कापतील अशी तिला धास्ती होती. पुढच्या वर्षी वॉर्ननं ते पुस्तक काढलं तेव्हा बरीच गीतं खरोखरच गाळली गेली. आपल्याच पैशानं केलेली ती पाचशेची आवृत्ती म्हणूनच मला फार मोलाची वाटते. तिच्या सगळ्या पुस्तकांत तिचं सर्वांत लाडकंही हेच.

आणि खरा पीटर? ‘पीटर रॅबिट’ पहिल्यांदा छापून आलं तेव्हा तो नव्हता. त्याच वर्षी, 1901 च्या जानेवारीत, वयाच्या नवव्या वर्षाच्या अखेरीस तो गेला होता. अडीचशेतल्या एका प्रतीत तिनं स्वतःच्या अक्षरात त्याच्या मृत्यूची तारीख लिहून ठेवली आहे, घरातलं माणूस गेल्यावर लिहावी तशी.