प्लाय भिजवू नका, फिरवा

छोटा कॅम्पर बांधायला घेतलेल्या माणसाला पहिला सल्ला काय मिळणार, ते ठरलेलं असतं. "पातळच प्लाय आहे ना? मग रात्रभर भिजत घाला. सकाळी हवा तसा वळेल." सांगणारा कधी ओळखीचा सुतार असतो, कधी प्लायचा दुकानदार, तर कधी व्हिडिओत टबभर पाण्यात शीट बुडवून दाखवणारा हसतमुख गृहस्थ. सगळे इतक्या खात्रीने सांगतात की ऐकणाऱ्याला शंका घ्यायचीही लाज वाटते. ती घ्यायला हवी.

आधी प्रश्न कुठे येतो ते पाहू. गाडीमागे ओढायचा थेंबाच्या आकाराचा टिअरड्रॉप कॅम्पर १९३०च्या दशकातल्या अमेरिकेत रुजला. घरच्या घरी बांधणाऱ्यांसाठी त्याचे आराखडे मासिकांत छापून येत. 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड'च्या सप्टेंबर १९४७च्या अंकातला आराखडा आजही लोक समोर ठेवतात. आत दोघांना आडवं होण्यापुरती जागा आणि मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. लांबी-रुंदी साधारण आठ बाय चार फूट, म्हणजे प्लायच्या एका शीटएवढी. छताचा बराचसा भाग सौम्य वळणाचा असल्याने तिथे काही अडत नाही. अडतं ते पुढच्या नाकाशी आणि मागच्या झाकणाशी, जिथे वळणाची त्रिज्या ३०-४० सेंटिमीटरपर्यंत उतरते. प्लाय चरचरतो तो इथेच, आणि टबाची आठवण होते तीही इथेच.

गैरसमज: भिजवला की प्लाय वाकतो

प्लाय वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. बाहेरचा ताण किती, याचं सूत्र सोपं आहे: जाडी भागिले त्रिज्येची दुप्पट. ६ मिलिमीटरचा प्लाय ३० सेंटिमीटर त्रिज्येत वळवला, तर बाहेरच्या थराला १ टक्का ताणावं लागतं. कोरडं लाकूड रेषेच्या दिशेने साधारण तेवढ्यातच तुटतं. तेच वळण ३ मिलिमीटरच्या प्लायने घेतलं, तर ताण अर्धा टक्का होतो आणि शीट सुटते. यात पाण्याचा संबंध अजून आलेलाच नाही.

आता पाणी आणू. अमेरिकेच्या वनखात्याच्या मॅडिसन इथल्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीचं 'वुड हँडबुक' हा या विषयातला सर्वमान्य ग्रंथ. त्यातल्या तक्त्यात यलो बर्च या लाकडाचा ताठपणा १२ टक्के ओलीला १३.९ गिगापास्कल आहे, तर पूर्ण ओल्या अवस्थेत १०.३. म्हणजे लाकूड पाण्याने पुरतं भरलं तरी ताठपणा कमी होतो तो जेमतेम चौथाईने. याउलट जाडी निम्मी केली की ताठपणा एक अष्टमांश होतो, कारण तो जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. एका ६ मिलिमीटर शीटऐवजी ३ मिलिमीटरच्या दोन सुट्या शीट एकावर एक वाकवल्या, तर दोन्हींना मिळून लागणारा जोर चौथाई असतो. पाण्याने पंचवीस टक्के वाचतात, पातळ शीट घेतल्याने पंच्याहत्तर. तरी लोक टबच भरतात!

दुसरी गोष्ट ग्लूची. आपल्याकडे कॅम्परसाठी बहुतेक जण आयएस ७१० मानकाचा मरीन प्लाय आणतात, आणि पाण्याला तोंड देतो म्हणूनच त्याचे जादा पैसे मोजतात. या मानकाच्या चाचणीत नमुना ७२ तास उकळतात, आणि तरीही थर सुटता कामा नयेत अशी अट असते. प्लाय सहज वळायचा तर थर एकमेकांवरून सरकायला हवेत, आणि नेमकं तेच हा ग्लू होऊ देत नाही. तीन दिवस उकळूनही जो हार मानत नाही, तो तुमच्या टबात एका रात्रीत काय मऊ होणार? आणि स्वस्त एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) ग्रेडचा प्लाय गरम पाण्यात खरंच सहज वळायला लागला, तर आनंद मानू नका. त्याचे थर सुटत असण्याचीच शक्यता जास्त.

"पण वाफेवर लाकूड वाकवतातच की!" हा पुढचा हमखास प्रश्न. वाकवतात, नक्की वाकवतात. मिखाएल थोनेटची १४ नंबरची खुर्ची १८५९ सालची आणि ती वाफवलेल्या बीच लाकडाचीच. पण ते अखंड लाकूड होतं, एकाच दिशेच्या रेषांचं. वाफवलेलं लाकूड खूप दाबलं जाऊ शकतं, ताणलं मात्र एक-दोन टक्केच जातं. म्हणून थोनेटच्या कारखान्यात बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी आवळून लाकडाला ताणूच दिलं नाही, सगळं वळण दाबावर घेतलं. प्लायमध्ये एकाआड एक थर आडवे चिकटवलेले असतात. ते दाबलेही जाऊ देत नाहीत आणि ताणलेही जाऊ देत नाहीत. प्लाय बनवतात तोच त्यासाठी.

भिजवल्याचा खर्च पुढे भरावा लागतो. ओला प्लाय फुगलेला असतो. तसाच ठोकला तर वाळताना आकसतो आणि सांधे उघडतात. वरच्या थराला बारीक भेगा पडतात. इपॉक्सीला लाकडाची ओल १२ टक्क्यांच्या आसपास हवी. ओलसर लाकडावर पकड कच्ची राहते, आणि ते आज दिसत नाही, खड्ड्यांच्या रस्त्यावर वर्षभराने दिसतं. त्यात कॅम्परच्या छताला आतून फोम आणि बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. मध्ये अडकलेली ओल जाणार कुठे? लाकूड २० टक्क्यांहून जास्त ओलं राहिलं की बुरशीला आमंत्रण मिळतं.

मग व्हिडिओतला प्लाय वाकतो कसा? बहुतेक वेळा तो कोरडाही वाकला असता, कारण तो सावकाश, पट्टे आवळत, रात्रभर दाबून ठेवलेला असतो. श्रेय त्या वेळेचं आणि त्या पट्ट्यांचं, पण जातं पाण्याला. पाणी अगदीच निरुपयोगी आहे असंही नाही. लाकडातलं लिग्निन ओल आणि उष्णता दोन्ही मिळून मऊ होतं, म्हणून शेवटच्या हट्टी वळणावर गरम पाण्याचं फडकं आणि हीट गन यांचा थोडा उपयोग होतो. तो करायचाच तर प्लाय साच्यावर पूर्ण वाळू द्या आणि मगच ग्लू लावा. पण हा शेवटचा उपाय झाला, पहिला नव्हे.

मग वाकतो कशाने?

दिशेने. प्लायच्या वरच्या थराच्या रेषा ज्या दिशेने धावतात, त्या दिशेने शीट ताठ असते, आणि त्याच्या आडव्या दिशेने बरीच लवचीक. तीन सारख्या जाडीचे थर धरा आणि लाकूड आडव्या दिशेने विसाव्या हिश्शाइतकं ताठ धरा. हिशेब केला की दोन दिशांच्या ताठपणात सुमारे अकरा पटींचा फरक निघतो. खुद्द प्लाय बनवणाऱ्यांची अमेरिकन संघटना एपीए हिचा तक्ता पाहा. पाव इंची, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरचा प्लाय कोरडाच वाकवायचा, तर रेषांना आडवा असताना किमान त्रिज्या २ फूट आणि रेषांच्या दिशेने ५ फूट. निवडक शीट घेऊन किंवा ओल-वाफ देऊन याहून थोडं खाली जाता येतं, असं तीच संघटना सांगते. पण दोन आणि पाच यांतला फरक फुकटात मिळतो, त्यासाठी शीट फक्त फिरवायची.

आणि नेमकं हेच कोणी करत नाही. बाजारातल्या नेहमीच्या आठ बाय चारच्या शीटवर रेषा सहसा आठ फुटांच्या बाजूने धावतात. कॅम्परही आठ फूट लांब, म्हणून माणूस शीट सरळ पुढून मागे टाकतो. सांधा नको, एकच तुकडा, दिसायला छान! पण त्यामुळे वळण येतं ते सगळ्यात ताठ दिशेत. शीट आडवी घ्या, रेषा कॅम्परच्या रुंदीत धावू द्या. चार-चार फुटांचे तुकडे होतील, सांधे वाढतील, ते छताच्या आडव्या पट्ट्यांवर आणा. तंग वळणावर पट्ट्या जवळजवळ ठेवा, म्हणजे प्लाय पैलू न पाडता गोल बसेल. एक टोक आधी पक्कं करा आणि तिथून पुढे पट्टे आवळत चला. दोन्ही टोकं धरून मध्ये दाबत बसू नका.

३० सेंटिमीटरच्या वळणाला ३ मिलिमीटरचे दोन थर लावा. सुटे असताना ते वहीच्या पानांसारखे एकमेकांवरून सरकतात, आणि मधला ग्लू वाळला की त्याच आकारात अडकतात. तरी साच्यावरून काढल्यावर थोडं उलगडणं होतंच, आणि तेही मोजता येतं: एक भागिले थरांच्या संख्येचा वर्ग. दोन थर असतील तर वळणाचा चौथा हिस्सा परत जातो, तीन असतील तर नववा, चार असतील तर सोळावा. छताला याची फिकीर नाही, कारण ते बाजूच्या भिंतींना आणि पट्ट्यांना धरलेलं असतं. मागचं झाकण मात्र मोकळं असतं, म्हणून अनेकांच्या झाकणाची खालची कड बंद केल्यावरही उघडी राहते. बिजागरीला दोष देण्याआधी हा हिशेब करा. झाकणाच्या फासळ्या जाड प्लायमधून वळणाच्या आकारातच कापा, आतून-बाहेरून पातळ प्लाय चिकटवा आणि साचा हव्या त्या वळणाहून किंचित तंग ठेवा.

उरलेले गैरसमज, थोडक्यात

"मरीन प्लाय जास्त वाकतो." मरीन ही ग्लूची आणि लाकडाच्या दर्जाची हमी आहे, लवचिकतेची नाही. घट्ट हार्डवुडचा मरीन प्लाय उलट जास्तच ताठ निघतो.

"फ्लेक्सी प्लाय आणला की झालं." वळणार नक्की, पण तो एकाच दिशेने वळतो. आठ फुटांच्या बाजूने वळणारा आहे की चारच्या, हे दुकानातच विचारा. आणि एकटा लावू नका, त्याला दुसऱ्या थराची जोड लागते.

"मागून करवतीने खाचा मारल्या की कुठलाही प्लाय वळतो." घरातल्या काउंटरला चालेल. कॅम्परच्या बाहेरच्या आवरणात प्रत्येक खाच म्हणजे एक पैलू आणि धक्क्यांनी तुटायची एक जागा.

"पातळ प्लाय म्हणजे कमजोर छत." बळ वळणात असतं आणि दोन कातड्यांमध्ये चिकटवलेल्या फोममध्ये असतं. दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो विमान प्लाय आणि बाल्सा लाकडाच्या अशाच थरांतून बनवलं होतं.

"प्लाय घुमटासारखाही वळवता येतो." अखंड सपाट शीट एकाच दिशेने वळते, नळीसारखी किंवा शंकूसारखी. चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर दांपत्याने १९४०च्या दशकात अमेरिकन नौदलासाठी जखमी पायाला बांधायच्या आधारपट्ट्या (स्प्लिंट) दोन दिशांना वळवल्या, पण त्या साच्यात, उष्णतेने आणि दाबाने, आणि ताण मोकळा करायला प्लायमध्ये चिरा ठेवून. तुमच्या गॅरेजात तसं दाबयंत्र नाही, म्हणून आराखड्यात दोन दिशांचं वळण काढूच नका.

"महाग ब्रँड घेतला की तुटत नाही." तुटतो तो मधल्या थरातल्या पोकळीपाशी. विकत घेताना शीटची कड चारही बाजूंनी पाहा, फटी दिसल्या तर परत ठेवा. आणि पूर्ण शीट साच्यावर चढवण्याआधी तिच्यातूनच दोन पट्ट्या कापा, एक रेषांच्या दिशेने आणि एक आडवी. दोन्ही हाताने वाकवून तोडा. कुठली कधी तुटली हे एकदा पाहिलं की पुढचे सल्ले विचारावे लागत नाहीत.