'झिरो फी'चा हिशोब

हिंजवडीचं आयटी पार्क माणच्या शिवारात पसरलं आणि 'ऑनसाइट' हा शब्द इथे घराघरांत रुळला. पोरगं अमेरिकेत, आईवडील इकडे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून देशात पाठवलेल्या पैशांपैकी २०.५ टक्के एकट्या महाराष्ट्रात आले, केरळपेक्षाही जास्त. त्यातले वाटेत किती गळतात, याबद्दल मात्र ऐकीव माहितीच फार.

गैरसमज : 'झिरो फी' म्हणजे फुकट.
वस्तुस्थिती : फी शून्य असली तरी कमाई दरात असते. समजा, बाजारात डॉलर ९० रुपये आहे आणि ॲप ८८.७५ देतंय. हजार डॉलरमागे १,२५० रुपये गेले, पण पावतीवर फीच्या रकान्यात शून्यच. दुसरं ॲप पाच डॉलर फी घेऊन ८९.९० चा दर देत असेल, तर फी जाऊनही घरी सातशे रुपये जास्त येतात.

गैरसमज : बँकेतून बँकेत पाठवलं की मध्ये कोणी नसतं.
वस्तुस्थिती : बँकांना जोडणारी 'स्विफ्ट' यंत्रणा पैसे नेत नाही, निरोप नेते. दोन बँकांची एकमेकींकडे खाती नसतील तर रक्कम तिसऱ्या बँकेतून फिरते आणि तीही आपलं शुल्क कापू शकते. मुलीची जर्मनीतली फी भरताना पंधरा युरो कमी पोचले की विद्यापीठ तेवढी बाकी दाखवतं, ते यामुळेच. अशा वेळी फॉर्मवर 'अवर' हा पर्याय निवडावा. मग सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडे लागतं आणि पलीकडे रक्कम पुरी पोचते. मधले हात कमी झाले की खर्चही उतरतो. २१ फेब्रुवारी २०२३ ला यूपीआय सिंगापूरच्या 'पेनाऊ' या पेमेंट यंत्रणेशी जोडलं गेलं, त्यामागचा विचार हाच.

गैरसमज : अमेरिकेतून पाठवलेल्या प्रत्येक डॉलरवर आता कर लागतो.
वस्तुस्थिती : १ जानेवारी २०२६ पासूनचा एक टक्का कर रोख रक्कम, मनीऑर्डर, कॅशियर्स चेक अशा मार्गांनी भरलेल्या पैशांवर आहे. अमेरिकी बँक खात्यातून किंवा तिथल्या डेबिट-क्रेडिट कार्डाने पाठवलं तर तो लागत नाही. सुरुवातीचा प्रस्ताव पाच टक्क्यांचा होता. व्हॉट्सॲपवर तोच आकडा फिरत राहिला.

गैरसमज : मुलाने पाठवलेल्या पैशांवर आईवडिलांना इन्कम टॅक्स भरावा लागतो.
वस्तुस्थिती : मुलामुलींनी आईवडिलांना भेट म्हणून दिलेली रक्कम कितीही मोठी असो, करमुक्त असते. तिची एफडी केली, तर व्याज मात्र उत्पन्नात धरलं जातं.

जागतिक बँकेच्या हिशोबाने दोनशे डॉलर पाठवायला जगभरात सरासरी सहा टक्क्यांहून जास्त खर्च येतो. २०३० पर्यंत तो तीनच्या खाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. तोवर पोराला एवढंच सांगा : "फी किती ते राहू दे. दोन-तीन ॲप एकाच वेळी उघड आणि आमच्या खात्यात नेमके किती रुपये पडणार, ते बघ."