इथे टाळ्या वाजवायच्या नाहीत!

गाणं आवडलं की 'वाहवा', संपलं की टाळ्या, ही आपली सवय. त्यामुळे प्रोजेक्टच्या निमित्ताने केंब्रिजला असताना किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये माझी भलतीच पंचाईत झाली. इतकं सुरेख गाणं संपलं, आणि एकही टाळी नाही!

कारण ती मैफल नव्हतीच. ती होती 'इव्हनसाँग', संध्याकाळची प्रार्थना. दिवसा चॅपल बघायला तिकीट पडतं, पण प्रार्थनेला कुणीही या, चक्क फुकट! धर्म कुणी विचारत नाही. सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं आणि मोबाइल बंद. बस्स.

सहाव्या हेन्री राजाने १४४६ साली या चॅपलचा पाया घातला. आत पंख्यांसारखं उलगडत गेलेलं दगडी छत आहे, ते पूर्ण झालं १५१५ मध्ये. त्याखाली गाणारे समोरासमोर दोन बाजूंना उभे असतात. पुढे शाळकरी मुलं, मागे कॉलेजातले तरुण. स्तोत्राची एक ओळ या बाजूने, दुसरी त्या बाजूने. मला तर आपल्या भजनातल्या टाळकऱ्यांच्या दोन रांगाच आठवल्या!

फरक एवढाच, की इथे एकाच वेळी चार-पाच वेगवेगळ्या चाली चालू असतात. सुरुवातीला गोंधळायला होतं. माझी युक्ती सांगतो : कुठलातरी एकच आवाज पकडा आणि त्याचा हात सोडू नका. बाकीचे आपोआप उलगडतात. आणि ओळ संपल्यावरही कान उघडे ठेवा. सूर दगडांमध्ये घुमत राहतो, पुढची ओळ त्यावरच अलगद येऊन बसते.

लहान मुलांची संख्या १६. संस्थापकाने ठरवून दिली, ती आजही तीच. पण तेराव्या-चौदाव्या वर्षी आवाज फुटतो आणि मुलगा बाहेर पडतो. म्हणजे काही शतकांचं हे गाणं चार-पाच वर्षं टिकणाऱ्या आवाजांवर उभं आहे!

मीही आधी मनातल्या मनात मार्क देत बसलो होतो. मग लक्षात आलं, माझं मत इथे कुणालाच नकोय. दिवसभर क्लायंट, बॉस, जाहिराती, सगळे आपल्याकडेच बघून बोलतात. फीडबॅक द्या, रेटिंग द्या! हे गाणं माझ्यासाठी नव्हतंच. मी नसतो तरी ते असंच झालं असतं. आणि खरं सांगू? कित्येक महिन्यांनी इतकं हलकं वाटलं.

केंब्रिज लांब आहे? हरकत नाही. नाताळच्या आदल्या दिवशी इथली खास प्रार्थना बीबीसी रेडिओवर लागते, भारतात तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. पहिलं प्रसारण १९२८ सालचं. सुरुवात एकटा मुलगा करतो, कसलीही साथ नसताना.

दिवे मालवून ऐका. आणि हो, टाळ्या नकोत!