जुन्या मोटारसायकलीचे पुढील शॉकअप

म्हैसूरच्या १९९६ सालीं बंद पडलेल्या कारखान्याची येझदी ज्यांच्या घरीं अद्यापि आहे, त्या सेलूकडील शेतकरी बंधूंनीं तिच्या पुढील शॉकअपांकडे लक्ष द्यावें. तेल गळूं लागलें कीं केवळ ऑइल सील बदलण्याची चाल आम्हांस पसंत नाहीं. काळ्या मातीचा चिखल पाइपावर वाळतो, त्याखालीं गंज धरतो, व त्या खड्ड्यांवर घासून नवें सीलहि लवकरच फाटतें. पाइपावरून नख फिरवावें. तें अडकल्यास पाइप बदलावा. सपाट कांचेवर लोळविला म्हणजे त्याचा वांकहि कळतो. मिस्त्री ‘चालेल’ म्हणतो खरा, पण खताचीं पोतीं घेऊन बसावयाचें आपणांस असतें! गळतें तेल ब्रेकच्या लायनरवर उतरल्यास पुढील ब्रेक धरीत नाहीं. दोन्ही बाजूंस तेल मोजून सारखेंच घालावें, व चिखलांतून आल्यावर त्याच दिवशीं पाइप ओल्या फडक्यानें पुसावे.