काळ्या मातीतली वेज

गोल्फची वेज घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो अंशांचा. छप्पन्नची घ्यावी, अठ्ठावन्नची की साठची? दुकानदारही त्याच आकड्यावर बोलतो. त्याच्या शेजारी, बहुधा क्लबच्या तळाशी, आणखी एक लहान आकडा कोरलेला असतो: सहा, आठ, दहा, बारा किंवा चौदा. हा बाउन्सचा आकडा. पुष्कळ जण तो वाचतही नाहीत. वर्धा-नागपूर पट्ट्यात खेळणाऱ्याने मात्र आधी हाच आकडा वाचावा असे माझे ठाम मत आहे. चेंडू किती उंच उडेल हे पहिला आकडा सांगतो, तर क्लब जमिनीला लागल्यावर काय होईल हे दुसरा सांगतो. आणि आपल्याकडची जमीन वर्षातून दोनदा स्वभाव बदलते.

ज्यांनी कधी क्लब हातात धरला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गोल्फमध्ये शंभर यार्डांच्या आतले फटके म्हणजे ‘शॉर्ट गेम’, आणि हौशी खेळाडूचे निम्म्याहून अधिक फटके याच टापूत खर्च होतात. इथे लागणारे तिरप्या फेसचे (चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचे) आखूड क्लब म्हणजे वेज. फेस जितका मागे कललेला, तितका लॉफ्ट जास्त. पिचिंग वेज साधारण ४४ ते ४८ अंशांची, गॅप वेज ५० ते ५२, सँड वेज ५४ ते ५६ आणि लॉब वेज ५८ ते ६० अंशांची. त्यापलीकडे ६४ अंशांपर्यंतच्याही मिळतात. बाउन्स हा तळाचा कोन. शाफ्ट (दांडा) सरळ उभा धरून क्लब जमिनीवर टेकवला, की बाउन्स असलेल्या वेजची पुढची धार किंचित वर राहते आणि तळाचा मागचा भाग खाली टेकतो. फटका मारताना तोच भाग आधी जमिनीला लागतो आणि धारेला आत घुसू देत नाही.

आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. वखराची पास जास्त खडी बसवली की मातीत शिरते, चपटी बसवली की वरवर सरकते. किती कोन द्यायचा हे तो जमिनीची ओल बघून ठरवतो. वेजच्या तळाचे तंत्र हेच आहे.

हा तळ आजच्या रूपात आला तो जीन साराझेन या अमेरिकन खेळाडूमुळे. त्याआधी बंकरमधून, म्हणजे मैदानावरच्या वाळूच्या खड्ड्यातून, चेंडू काढायला निब्लिक ही जुन्या काळची काठी वापरत. तिची धार पातळ असल्याने ती वाळूत रुतत असे. १९२८ साली एडविन मॅक्लेनने खोलगट फेसच्या सँड वेजचे पेटंट घेतले होते. बॉबी जोन्सने १९३० मध्ये तसला क्लब वापरलाही, पण खोलगट फेस चेंडूला दोनदा लागू शकतो म्हणून १९३१ मध्ये त्याच्यावर बंदी आली. साराझेनने फेस सपाटच ठेवला आणि तळ बदलला. हॉवर्ड ह्यूजेसबरोबर विमानात बसलेला असताना, शेपटीकडचा भाग हलला की विमानाचे नाक वर येते, हे त्याने पाहिले आणि त्यावरून ही कल्पना सुचली, असे तो सांगत असे. फ्लोरिडात त्याने निब्लिकच्या तळाला शिशाचा थर डाखला आणि मागची कड धारेपेक्षा खाली येईपर्यंत घासत राहिला. १९३२ च्या ब्रिटिश ओपनमध्ये, सँडविचजवळच्या प्रिन्सेस मैदानावर, आयोजकांच्या नजरेस पडू नये म्हणून तो हा क्लब पिशवीत उलटा ठेवत असे. ती स्पर्धा तो जिंकला. त्याच वर्षी अमेरिकेची ओपनही जिंकला. या साऱ्या धडपडीत लॉफ्ट वाढवण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो धार रुतू न देण्याचा.

साठ अंशांची वेज त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने आली. शॉर्ट गेमचे संशोधक डेव्ह पेल्झ यांच्या सांगण्यावरून टॉम काइटने १९८० च्या सुमारास ती पिशवीत घेतली आणि मग ती जगभर पसरली. चौदा क्लबांची मर्यादा असल्याने एक वेज वाढली की दुसरा एखादा क्लब घरी ठेवावा लागतो.

आता आपल्या जमिनीकडे येऊ. वर्धा जिल्हा दख्खनच्या काळ्या कातळावर बसलेला आहे. त्या बेसॉल्टची झीज होऊन झालेली काळी माती ही चिकणमाती. पाणी पिऊन ती फुगते, वाळली की आकसते. जून ते सप्टेंबर पावसात तिच्यात पाऊल रुतते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा त्याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि भेगांमधला भाग दगडासारखा कडक होतो. मैदानावर गवताची कातडी असते, पाणीही दिले जाते, त्यामुळे हा फेर थोडा सौम्य होतो. पण नाहीसा होत नाही. ग्रीनच्या (भोक असलेल्या बारीक हिरवळीच्या) भोवती रोज पाणी पडते म्हणून तिथे मऊ आणि दहा पावलांवर फेअरवे (तिथवर नेणारी गवताची पट्टी) टणक, अशी स्थिती एकाच होलवर असते. गोल्फची बहुतेक पुस्तके स्कॉटलंडच्या वाळूमिश्रित किनारी जमिनीवर किंवा अमेरिकेच्या पाणीदार हिरवळीवर खेळणाऱ्यांनी लिहिली आहेत. त्यांचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही.

ओल्या काळ्या मातीत कमी बाउन्सची वेज वापरली तर काय होते ते पाहा. धार चेंडूच्या दोन बोटे मागे टेकते, आत जाते, क्लब तिथेच थांबतो आणि चेंडू हातभर पुढे सरकतो. मातीचा लपका फेसला चिकटून राहतो, तो पुढच्या फटक्यापर्यंत खरवडावा लागतो. इथे बारा-चौदा अंशांचा बाउन्स हवा. मे महिन्यात उलटे. टणक जमिनीवर जास्त बाउन्सचा तळ आपटतो, उसळतो, धार चेंडूच्या पोटात लागते आणि चेंडू ग्रीनवरून पलीकडच्या झुडपात जातो. तिथे सहा-आठ अंश पुरेत.

गवताचीही गोष्ट आहे. गोल्फच्या जगात ज्याला बर्म्युडा ग्रास म्हणतात ती आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. तिच्या काड्या चिवट असतात आणि एका दिशेला झुकून वाढतात. चेंडू त्या झुकावाच्या उलट दिशेला मारायचा असेल तर काड्या धारेला अडवतात, धार अडकते आणि मनगटाला झटका बसतो. अशा वेळी पुढची धार थोडी वर ठेवणारा तळ खेळाडूला वाचवतो. चेंडूशेजारी वाकून गवत कुठे झुकले आहे हे पाहण्याची सवय आपल्या हौशी खेळाडूंत फार कमी दिसते. ती लावून घ्यायला पैसे पडत नाहीत.

कोरलेला आकडा कायम राहतो असेही नाही. हात पुढे ढकलून शाफ्ट लक्ष्याकडे आठ अंश झुकवला, तर छप्पन्नची वेज अठ्ठेचाळीसची होते आणि दहाचा बाउन्स दोनवर येतो. पावसाळ्यात चिप, म्हणजे ग्रीनजवळचा छोटा फटका, मारताना क्लब रुतण्याचे सर्वांत मोठे कारण हेच: ‘हात पुढे’ हा धडा गरजेपेक्षा जास्त पाळला जातो. ओल्या जमिनीवर शाफ्ट जवळजवळ सरळ ठेवावा. फेस उघडला की लॉफ्ट आणि बाउन्स दोन्ही वाढतात. बंकरमध्ये ते हवेच असते. पण पावसाने दबलेल्या ओल्या वाळूत फेस फार उघडला तर तळ आपटून उसळतो. तिथे फेस सरळ ठेवून वाळू कापत न्यावी.

ओल्या गवतातून मारताना आणखी एक फरक पडतो. फेस आणि चेंडू यांच्यामध्ये पाणी शिरले की घर्षण कमी होते आणि चेंडूची गिरकी खूप घटते. चेंडू जास्त उंच जातो, पण पडल्यावर थांबत नाही. साठ अंशांवर हा फरक अधिक जाणवतो, कारण चेंडू फेसवरून वर सरकतो. फटक्याआधी फडक्याने फेस पुसणे म्हणजे नखरा नव्हे.

महाराष्ट्रात गोल्फ जुना आहे. रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब १८४२ चा. नाशकात अनंत कान्हेरे मैदानाला अजून ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणतात. बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब चेंबूरला १९२७ पासून आहे. जुन्या लष्करी छावण्यांच्या कोरड्या मैदानांवर हिरवळ टिकत नसे, तिथे तेल मिसळलेल्या वाळूचे ‘ब्राउन’ असत. त्यावर चेंडू उंचावरून टाकून थांबवण्यापेक्षा तो घरंगळत नेणे शहाणपणाचे ठरे. आजही उन्हाळ्यातल्या कडक ग्रीनवर तो शहाणपणा कामी येतो. चेंबूरच्या वस्तीतली, कॅडी म्हणून खेळाडूंच्या पिशव्या वाहणारी पोरे गल्लीबोळात वाकवलेल्या लोखंडी सळीने प्लास्टिकचा चेंडू टोलवत खेळ शिकली. पोलिश छायाचित्रकार टोमाश गुझोवाटी यांनी काढलेली त्यांची छायाचित्रे जगभर गेली. गल्लीतल्या सिमेंटवर तळाला काहीच माफ होत नाही, आधी चेंडूच लागला पाहिजे. टणक जमिनीवरच्या चिपसाठी याहून कठोर शाळा मला माहीत नाही.

मग घ्यायचे काय? आधी आपल्या पिचिंग वेजचा खरा लॉफ्ट शोधा. हल्लीच्या सेटमध्ये तो ४३-४४ अंशांवर आलेला असतो. पुढची वेज थेट ५६ ची असेल तर मधे बारा अंशांची दरी पडते आणि सत्तर-ऐंशी यार्डांवर हातात योग्य क्लबच नसतो. म्हणून ५० आणि ५६ ही जोडी. त्यातली ५६ ची बारा किंवा चौदा बाउन्सची घ्यावी: पावसाळा, पाणी दिलेल्या ग्रीनचा काठ आणि मऊ वाळू यांच्यासाठी. ५० ची आठच्या आसपास: उन्हाळ्यातला टणक फेअरवे आणि घरंगळणारे चिप यांच्यासाठी. दोघींचा बाउन्स मुद्दाम वेगळा ठेवावा, म्हणजे दोन्ही ऋतू एकाच पिशवीत बसतात. हल्ली जोडीने मिळणाऱ्या वेज एकाच बाउन्सच्या असतील तर स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नका.

साठची वेज ही फटका बसवायला सर्वांत अवघड. चेंडू आणि ग्रीन यांच्यामध्ये बंकर आहे, भोकाचा झेंडा ग्रीनच्या अलीकडच्या काठाजवळ आहे आणि चेंडूखाली गवताची गादी आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच तिचे काम. त्यासाठी लांब, जोरकस झोका घ्यावा लागतो आणि धार एक सेंटिमीटर इकडेतिकडे झाली की फटका वाया जातो. आपल्याकडच्या उघड्या, टणक जमिनीवर ती गादी क्वचितच मिळते. मे महिन्यात तर जवळजवळ नाहीच.

दुकानात गेल्यावर वेज उलटी करून तळ पाहा, आकडा वाचा आणि शक्य असेल तर गालिच्यावर नव्हे, गवतावर मारून बघू द्या असा आग्रह धरा. पन्नास आणि छप्पन्न एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरून झाल्यावरच साठचा विचार करा. बहुतेकांना त्यानंतर तिची गरज वाटणार नाही.